न पिलेली दारू

"पेतो मनून सांगायचं. विषय संपला. पेनाऱ्या सासऱ्याला लोक सांभाळून घेतेत, असल्या बिमारीला न्हाई," दयानंदकाका मनला.

अव्वानं, माझ्या आईनं, शिऱ्यातला झारा पातेल्याच्या काठावर आपटला. "लिंगायताला, गळ्यात लिंग असलेल्या मानसाला बेवडा मनायचं? आन ते बी माझ्या घरात बसून?"

"मनायचं कशाला, वैनी. सगळं औसा मनतंयच की. आपन फकस्त न्हाई मनायचं न्हाई."

काका लातूरच्या मार्केट यार्डात आडत करतो. सौदा कसा पटवायचा ते आपल्याएवढं कुनालाच कळत न्हाई, असं त्याचं मत. कंधारचे पाहुने रानीला बघून गेल्ते, पोरगी पसंत हाय मनून निरोप आल्ता, आन आज ते माझ्या बापाला, आप्पाला भेटून सोयरीक पक्की करायला येनार होते. मागच्या टायमाला आप्पा देवाला गेलाय मनून सांगून आमी त्याला आतल्या खोलीत बसवलो होतो. आत खोकला आला तर त्यानं तोंडात टॉवेल धरला होता. पन मानूस दर वेळी देवाला जात न्हाई.

काकाची आजची युक्ती उगंच आली नव्हती. पाहुन्यायनी औशाच्या स्टँडवर चौकशी केल्ती. चन्नबसप्पा, मंजे आमचा आप्पा, कसा मानूस? तर कुनीतरी मनलं, मानूस सोनं हाय, फकस्त घेतो. ते ऐकून बी पाहुने येऊन राहिले होते. काकाच्या मतानं मंजे निम्मा सौदा झालाच होता.

आता औशाच्या लोकायला तरी काय बोलावं. आप्पाला चालताना बघा एकदा. पाय फाकवून, हलत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभा असल्यावानी. वळायचं असलं की आधी भिंत, मग खांदा, मग पाय. एकदा कंडक्टरनं त्याला गाडीत चढू दिलं न्हाई, सकाळच्या पारी एवढी घेत न्हाईत मनला. आन हाच आप्पा, ज्यानं मी लहान असताना बाया गोळा करून आमच्या गल्लीतलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. तो दुकानदार आता नाक्यावर बसतो. आप्पा दिसला की उठून उभा राहतो, हात जोडतो, मनतो, या मालक, शेवटी आलात.

असलं कुनी बोल्लं की माझं डोकं सटकतं. दोघायला मारलोय बी. आप्पा मनतो, मारू नको, मला सोडवायला पळता येत न्हाई.

बिमारीचं नाव एवढं लांब हाय की ते मनताना चांगल्या मानसाची जीभ अडखळंल. कानाचा डॉक्टर झाला, मानेचा झाला, शेवटी नांदेडच्या डॉक्टरनं समजून सांगितलं. डोक्याच्या मागं लहान मेंदू असतो, तो तोल बघतो. आप्पाचा तो हळूहळू वाळत चाललाय. थांबवायचं औषध न्हाई, व्यायाम हाय. आन ही बिमारी बापाकडून लेकरात उतरती. सगळ्यात न्हाई, पन दर लेकराला छापा-काटा. तेव्हापासून आमच्या घरात चिल्लर खाली पडली तरी सगळे गप होतेत.

पाय तर पाय, जीभ बी गेली. आप्पाचे शब्द ओल्या कपड्यावानी एकमेकाला चिकटून येतेत. भायेरच्या मानसाला कायबी कळत न्हाई, अव्वाला निम्मं कळतं, मला सगळं. शाळा सोडून घरी बसलेल्या पोराला एवढं तरी यायलाच पायजे, असं काका मनतो.

तर त्या दिवशी आप्पा खुर्चीत बसून सगळं ऐकून राहिला होता. काकानं विचारलं, दादा, तुमाला चालतंय का. आप्पानं माझ्याकडं बघितलं, मग बोल्ला.

"काय मनला?" काकानं मला विचारलं.

"मनतेत, देशी पेतो का इंग्लिश? आधी ठरवून ठेवा, पाहुन्यायनी विचारलं तर घोळ नको."

अव्वा हसली आन लगेच पदर तोंडाला लावून रडली. तिचं दोन्ही एकदमच चालतं. मग ती काकाच्या बाजूनं झाली. इंग्लिश मना, मनली, निदान घरंदाज वाटंल.

स्वैपाकघरात रानी कप पुसून राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वर्षारानी मंजे माझी मोठी बहीन, लातूरला औषधाच्या दुकानात काम करती, लोकायला गोळ्या समजून सांगती, खोटं बोल्लेलं तिला चालत न्हाई. मला वाटलं ती आता काकाला धुनार. पन ती मनली, "अम्र्या, आज डोकं गरम करू नको. मला तो कंधारचा मल्लेश आवडलाय."

"मग आप्पाला बेवडा करायचं?"

"लग्न झाल्यावर मी सांगीन त्याला. मी सांगीन, खरंच." कप आधीच कोरडा होता. ती पुसतच राहिली. "आजवर कुनी आवडलं नव्हतं मला. तुला काय कळतंय."

मला कळत होतं. भायेर काका भिंतीजवळच्या झाडाखाली उभा राहून फोनवर बोलत होता. बोलता बोलता वळला, आन वळताना त्यानं भिंतीला बोट लावलं. हात न्हाई, नुसतं एक बोट, कुनाला दिसू नये असं. आप्पाची बिमारी बी आधी अशाच एका बोटापासून सुरू झाल्ती. काकाला दोन पोरं हायेत, धाकटा दहावीला. तेव्हा मला समजलं, काका एवढा जोर काऊन लावून राहिलाय. ही बिमारी आप्पाची मनून भायेर पडली की ती सगळ्या घराची होनार होती.

पाहुने दुपारी आले. पोराचा बाप गुरुलिंगप्पा, खताचं दुकानवाला, कपाळाला इभूत, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठली. त्याची बायको लक्ष्मम्मा, पाय दुखत होते तिचे, ती आल्या आल्या गादीवर बसली. आन मल्लेश. मल्लेश बसला, पानी पिला, आन परत बोल्लाच न्हाई. पोरगा मुका तर न्हाई ना, असं अव्वानं माझ्या कानात विचारलं.

शरणू शरणार्थी मनून एकमेकाला नमस्कार झाला. आप्पा हात जोडायला गेला तर एक हात नाकापाशी गेला आन दुसरा कानापाशी. काकानं लगेच सुरू केलं. हळू आवाजात, खाली मान घालून, जसं काही लाज वाटून राहिली. आमचे दादा मनानं देव हायेत, पन काय करावं, एक सवय लागली. मोठ्या घरायत असतं. तुमच्या कानावर आलंच असंल.

मला वाटलं गुरुलिंगप्पा आता तोंड वाकडं करंल. तो उठला, आप्पापाशी गेला, आन त्याचे दोन्ही हात धरले.

"लाजू नका. मी बी पेत होतो," मनला. "कंधारच्या किल्ल्याच्या खंदकात दोनदा पडलोय."

लक्ष्मम्मा मनली, तीनदा.

काकाचं तोंड बघन्यासारखं झालं. सगळं ठरवून ठेवलं होतं, पन समोरून पेनाराच निघंल हे त्याच्या हिशोबात नव्हतं. गुरुलिंगप्पा आप्पाच्या तोंडाजवळ वाकला, नाक ओढून वास घेतला, आन मागं झाला. मनला, नवल हाय, इभुतीचा वास येऊन राहिला. कोनती घेता?

आप्पानं काकाकडं बघितलं. देशी का इंग्लिश हे ठरलं होतं, पुढचं ठरलं नव्हतं.

"रशियाची," काका मनला. "तिला वास नसतो."

"आन औशात भेटती?"

"मागवावी लागती."

गुरुलिंगप्पानं मान डोलावली. रशियाची मनल्यावर त्याच्या नजरेत आप्पाचा मान वाढल्यावानी दिसला. मग आप्पाचा हात धरून तो बघत बसला. हात थरथरत होता. बघा मनला लक्ष्मम्माला, सकाळपासून घेतली न्हाई, मनून हलून राहिलाय, माझं बी असंच व्हायचं. लक्ष्मम्मा मनली, हाव, तुमी तर च्या सांडायचे. सगळं जुळून येऊन राहिलं होतं. काका मला डोळा मारला. आत रानीच्या बांगड्याचा आवाज थांबला.

मग गुरुलिंगप्पा मांडी घालून नीट बसला. मनला, सोयरीक आमाला पसंत हाय. पोरगी पसंत, घर पसंत. आमचं काय मागनं न्हाई. एकच हाय. मी सोडलो तवा आमच्या स्वामीनं मला लिंग तळहातावर घ्यायला लावलं आन बोलून घेतलं, आजपासून सोडलो मनून. परत शिवलो न्हाई. आमच्या पावन्यारावळ्यातले कितीतरी असेच सुधारले. व्याह्यायनी बी तेच करायचं. लिंग हातात घ्यायचं, सोडलो मनायचं. लगेच सुपारी फोडू.

काकाला एवढं सोपं काम आयुष्यात कुनी सांगितलं नसंल. तो खूश होऊन मनला, दादा, घ्या की मग. एका शब्दाचं काम.

अव्वा मातर हलली न्हाई. आप्पा बी न्हाई. आप्पाचं मला नंतर कळलं, त्यानंच सांगितलं. तो मनला, बेवडा मनून बसलो तवर मी खोटं बोलत नव्हतो, दयानंद बोलत होता. मी नुसता बसलो होतो. आता मला बोलायचं होतं.

त्यानं गळ्यातली चांदीची डबी धरायला हात वर नेला. बोटं दोनदा चुकली. मी रोज सकाळी पूजेला त्याच्या मनगटाखाली हात धरतो, तसाच जाऊन बसलो. डबी उघडलो, लिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलो, आन खालून माझा हात लावलो. लिंग खाली पडनं मंजे जीव गेल्यासारखं, हे आमच्यात कुनाला सांगावं लागत न्हाई. हात थरथरत होता, पन माझ्या हातात तो रोज थरथरतो, मला त्याचा अंदाज हाय.

आप्पा बोल्ला. लांब बोल्ला. एवढं तो महिन्यात बोल्ला नसंल.

गुरुलिंगप्पानं कान पुढं केला, मग मागं घेतला. "काय मनले?"

सगळे माझ्याकडं बघाय लागले. काका पाहुन्याच्या मागं उभा होता. त्यानं अंगठा तोंडाला लावला, आन मग हात हालवला, मंजे सोडली मन. दारात रानी उभी होती. ती काय खुनवत नव्हती. नुसतं बघत होती, आन तिचे डोळे भरले होते. आप्पा काय बोल्ला ते तिला दारातून अर्धं कळलं होतं.

माझ्याजवळ एक शब्द होता. "सोडलो". तो बोल्लो की रानीचं लग्न. पाहुन्यायला कळनार बी नव्हतं, पन आप्पाला कळलं असतं. आन माझा हात त्या हाताखाली होता.

"काय मनले रं बाबा?" लक्ष्मम्मानं विचारलं.

"जसं बोल्ले तसंच सांग," अव्वा मनली. काकानं वैनी मनून हात केला, तर ती त्याच्याकडं बघून मनली, "मला बी कुनी सांगितलं नव्हतं. माझं लग्न ठरवताना ह्यांचे वडील भिंत धरून चालत होते, आन तुमच्या घरच्यायनी संधिवात मनलं होतं. मी लग्न होऊन आले आन त्यायला भरवत बसले. सांग, अम्र्या."

मग मी आप्पाला मनलो, परत बोला, एकेक. तो एक वाक्य बोल्ला की मी एक बोलायचो.

"मी जिंदगीत एक थेंब घेतलो न्हाई. जे धरलंच न्हाई ते सोडलो कसं मनू. हातात लिंग हाय. माझा तोल जातो ते डोक्यातलं हाय, बिमारी हाय. माझ्या बापाला होती."

मग शेवटचं. आप्पा बोल्ला, आन माझं तोंड उघडंच राहिलं. दुसऱ्याचं बोलनं सांगताना कधीच अडलो नव्हतो. पन ते सांगनारा बी मीच होतो आन ज्याच्याबद्दल सांगायचं तो बी मीच. जीभ आप्पावानी जड झाली.

"माझ्या लेकरायला होईल का न्हाई, मला ठाऊक न्हाई," मी मनलो.

मी लिंग उचलून डबीत घातलो, डबी लावलो. गुरुलिंगप्पा त्या डबीकडं बघत होता.

"मंजे रशियाची बी न्हाई?" त्यानं काकाला विचारलं.

"न्हाई," काका मनला.

लक्ष्मम्मानं गुडघ्यावरचा हात काढला, परत ठेवला. तिच्या मनात वाईट नव्हतं, ते मी बघत होतो. "दारू असती तर बरं झालं असतं ओ," ती मनली.

आप्पा बोल्ला. मी सांगितलो, "आप्पा मनतेत, मला बी तसंच वाटतं."

गुरुलिंगप्पाला हसू आलं आन त्याला ते नको होतं, मनून तो खोकला. मग जरा चिडला बी. आप्पावर न्हाई, काकावर. मनला, तुमी आडतवाले सडकं सोयाबीन वर चांगलं पसरून विकता, ते ठीक हाय, पन देवमानसाला बेवडा करून विकता? काका खाली बसला, आन बसताना त्यानं जमिनीला हात टेकवला. ह्या टायमाला सगळा हात.

रानी च्या घेऊन आली. ट्रे हलत होता, आन प्रत्येकजन त्या ट्रेकडं बघून राहिला होता. तिला ते कळलं. तिनं ट्रे खाली ठेवला, डोळे पुसले, आन मनली, "रडून राहिले मनून हलला. बाकी काय हाय ते मला बी ठाऊक न्हाई. मी नांदेडला जाऊन रक्त तपासून घेते. काय बी निघू दे, तुमाला सांगते. मग तुमी ठरवा. आन मी बी ठरवीन. तवर च्या प्या, आद्रक टाकलंय."

च्या प्यावाच लागला. गुरुलिंगप्पा मनला, घरी बोलून कळवतो. ते हाव बी नव्हतं आन न्हाई बी नव्हतं. लक्ष्मम्मा रानीच्या तोंडावरून हात फिरवली, पन कुंकू लावली न्हाई. सगळे उठले. तेवढ्यात मल्लेश बोल्ला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"कंधारहून नांदेड लई लांब न्हाई," मनला.

बस, एवढंच. मग बूट घालायला लागला. सगळे त्याच्याकडं बघून राहिले होते, आन त्याचे कान लाल झाले होते. रानी रिकामा ट्रे छातीला धरून आत पळाली. मुका न्हाई, अव्वा माझ्या कानात मनली.

आप्पा मनला, मी पाहुन्यायला गाडीपोत्तर सोडनार. दोन मानसं धरा मनलो तर ऐकेना. गुरुलिंगप्पानं त्याच्या काखेत हात घातला, आन दोघं निघाले. आप्पा डावीकडं गेला की गुरुलिंगप्पा बी डावीकडं. आप्पा थांबला की तो बी थांबला. भर दुपारी, गल्लीच्या मधोमध, दोन भले मानसं एकमेकाला धरून झुलत चालले होते. समोरच्या ओट्यावर बजरंग बसला होता. तो खरोखरचा पेनारा. तो उठून उभा राहिला, मनला, वा मालक, आज व्याही बी घिऊन बसलाव का.

माझी मूठ आवळली. पन गुरुलिंगप्पाच थांबला. "एकानं सोडली, एकानं धरलीच न्हाई," त्याच आवाजात मनला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "तू तुझं बघ."

आप्पा एवढा हसला की दोघं बी पडता पडता राहिले.

ते गेल्यावर काका अंगनातच उभा होता. मी मनात ठरवलो होतो त्याला काय काय बोलायचं. पन तो रानीला मनला, "तिथं विचारशील का, माझ्या वयाच्याचं बी तपासतेत का मनून." आन आत निघून गेला.

रानी आज नांदेडला चालली. डॉक्टर आधी बसवून समजावतेत, मग विचारतेत, मग रक्त घेतेत, असं तिनं फोनवर विचारून ठेवलंय. मला मनली, तुला अठरा पुरे झालेत, तू बी चल. मी मनलो, मी येनार न्हाई. मग मनलो, नुसता संगतीला येतो. माझ्या डोक्यात काय नसंल तर बरं, आन असंल तर मला ते ठाऊक नसलेलं बरं, असं मी तिला सांगितलो. ती मनली, बरं.

पन ह्या दिवसायत मी अंगनातल्या फरशीच्या रेघंवरून चालून बघतोय. टाच लावून, पुढं बोट लावून, नांदेडच्या डॉक्टरनं आप्पाला चालवलं तसं. कुनी नसताना. काल सरळ गेलो. आज मधी जरा हललो. ती फरशी वर आलेली हाय तिथं, मी हात लावून बघितलो, खरंच वर आलेली हाय. आप्पा खिडकीतून बघत होता. मला वाटलं काय तरी बोलंल. त्यानं नुसतं तोंड दुसरीकडं केलं, आन मी परत चाललो.

अव्वानं सकाळी अर्ध्या बाह्याचा शर्ट काढून पलंगावर ठेवला. थंडी हाय मनलो, तर मनली, घाल, दवाखान्यात बरं पडतं. रानीचं रक्त काढायचंय, माझ्या बाह्या कशाला, हे मला विचारायचं होतं. पन शर्ट घातलो.

रानी भायेरून हाका मारून राहिली, गाडी लागली मनून. जातो आता.